वेताळाचा अनुवादक : सर रिचर्ड बर्टन (१८२१-१८९०)

प्रास्ताविक

निफाडसारख्या तालुक्याच्या ठिकाणी अनुवादविद्या शिकवताना शब्दांच्या प्रतिशब्दांचा प्रश्न अनेकदा अनपेक्षित रीतीने समोर येतो. प्रस्तुत लेखकाने कित्येक वर्षे कथासाहित्याच्या तासाला वेताळ या पात्राचा परिचय करून देताना, वेताळ म्हणजे इंग्रजीतील व्हँपायर, असे समीकरण निःशंकपणे सांगितले होते. एका वर्षी तालुक्यातीलच एका गावातून येणाऱ्या विद्यार्थिनीने तासानंतर साधी शंका विचारली. तिच्या गावाच्या शिवेवर शेंदूर लावलेला वेताळाचा दगड आहे आणि घरात काही मंगलकार्य निघाले की तिची आजी तेथे नारळ फोडते. रक्त पिणाऱ्या भुताला कोणी नारळ कसा देईल, असा तिचा प्रश्न होता. त्या दिवशी समाधानकारक उत्तर देता आले नाही. उत्तर शोधू लागल्यावर मात्र हे समीकरण रूढ करण्यात ज्याचा मोठा वाटा आहे, त्या व्यक्तीच्या चरित्राकडे वळणे भाग पडले. ती व्यक्ती म्हणजे प्रवासी, सैनिक, बहुभाषाविद आणि अनुवादक सर रिचर्ड फ्रान्सिस बर्टन.

बर्टनची चरित्रे इंग्रजीत विपुल आहेत. त्यांत त्याची मक्केची यात्रा, आफ्रिकेतील शोधमोहीम आणि 'अरेबियन नाइट्स' यांना अग्रस्थान मिळते. 'विक्रम अँड द व्हँपायर' या १८७० च्या ग्रंथाला सहसा एखादा परिच्छेदच वाट्याला येतो. मराठी वाचकाच्या दृष्टीने हा क्रम उलटा लावावा लागतो. मुंबई इलाख्यात वावरलेल्या आणि मराठीची परीक्षा दिलेल्या या माणसाने आपल्या परंपरेतील एका पात्राला जे इंग्रजी नाव दिले, त्याचे परिणाम आजही आपल्या वाचनावर होत आहेत. म्हणून प्रस्तुत लेखात बर्टनच्या आयुष्याचा आलेख या एका ग्रंथाला केंद्रस्थानी ठेवून मांडला आहे.

घडण

रिचर्ड बर्टनचा जन्म १९ मार्च १८२१ रोजी इंग्लंडमधील टॉर्की येथे झाला. वडील जोसेफ नेटरव्हिल बर्टन हे सैन्यातील अधिकारी होते आणि त्यांचे घराणे आयर्लंडशी संबंधित होते. प्रकृतीच्या आणि काटकसरीच्या कारणांनी हे कुटुंब फ्रान्स व इटलीतील निरनिराळ्या गावी राहत असे. त्यामुळे मुलांचे शिक्षण विस्कळीत झाले, परंतु फ्रेंच, इटालियन आणि बोलीभाषा मात्र त्यांनी रस्त्यावर आत्मसात केल्या. कोणत्याही एका देशाचा न होता सर्वत्र परका राहण्याची जी वृत्ती बर्टनच्या पुढील आयुष्यात दिसते, तिचे मूळ या भटक्या बालपणात आहे, असे म्हणता येईल.

१८४० मध्ये तो ऑक्सफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाला. तेथील शिस्त त्याला मानवली नाही. अरबी तो बऱ्याच अंशी स्वतःच्या प्रयत्नाने शिकू लागला. १८४२ मध्ये बंदी असताना घोड्यांची शर्यत पाहायला गेल्याच्या कारणावरून त्याला विद्यापीठातून काढून टाकण्यात आले. वडिलांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात त्याच्यासाठी अधिकारपद मिळवले. निघण्यापूर्वी लंडनमध्ये डंकन फोर्ब्स या प्राध्यापकाकडे त्याने हिंदुस्थानीचे प्राथमिक धडे घेतले. पुढे याच फोर्ब्सने 'बैताल पचीसी'च्या हिंदी पाठाची आवृत्ती संपादित केली, हा योगायोग लक्षणीय आहे.

मुंबई इलाख्यातील सात वर्षे

२८ ऑक्टोबर १८४२ रोजी बर्टन मुंबई बंदरात उतरला. याच वर्षाच्या जानेवारीत निफाड येथे महादेव गोविंद रानडे यांचा जन्म झाला होता. दोघांचे मार्ग पूर्णतः भिन्न असले, तरी मराठी भाषेशी दोघांचाही संबंध आला आणि त्या दोन संबंधांतील अंतर या लेखाच्या अखेरीस पुन्हा विचारात घ्यावयाचे आहे.

मुंबईत काही आठवडे दोसाभाई सोहराबजी या पारशी मुन्शीकडे भाषेचा अभ्यास करून बर्टन बडोद्याला आपल्या १८ व्या पलटणीत रुजू झाला. कंपनीच्या सैन्यात देशी भाषेची परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या अधिकाऱ्याला दुभाष्याचे पद आणि वाढीव वेतन मिळण्याची संधी असे. बहुतेक अधिकारी एका परीक्षेवर समाधान मानत. बर्टनला मात्र भाषांचे व्यसन जडले. १८४३ मध्ये त्याने प्रथम हिंदुस्थानीची आणि नंतर गुजरातीची परीक्षा दिली व दोन्हींत पहिला क्रमांक मिळवला. हिंदुस्थानीचा परीक्षक मेजर-जनरल व्हॅन्स केनेडी हा होता. १८२४ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झालेला मराठी भाषेचा कोश याच केनेडीचा.

१८४४ च्या प्रारंभी पलटण सिंधमध्ये हलवण्यात आली. तेथे असतानाच त्याने मराठीचा अभ्यास केला आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये मुंबईला येऊन मराठीची परीक्षाही पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण केली. मराठी ही अशा रीतीने त्याच्या भारतीय भाषांच्या मालिकेतील तिसरी भाषा होय. तथापि मराठीतून त्याने पुढे काही भाषांतरित केल्याचे दिसत नाही. त्याच्या दृष्टीने ती परीक्षेची भाषा राहिली. फारसी, अरबी आणि सिंधी या भाषांनी त्याचे मन अधिक ओढून घेतले.

सिंधमध्ये चार्ल्स नेपियरच्या कारकिर्दीत बर्टन कालव्यांच्या पाहणीच्या कामावर होता. या काळात त्याने मिर्झा अब्दुल्ला नावाच्या, अर्धा अरब व अर्धा इराणी अशा व्यापाऱ्याचे सोंग घेतले. गावोगावच्या बाजारात कापड, तंबाखू विकत तो लोकांत मिसळे, त्यांच्या गोष्टी ऐके आणि टिपणे ठेवी. ही त्याची अभ्यासपद्धती पुढेही कायम राहिली. तिच्यात एक अंगभूत द्वंद्व आहे. लोकजीवनाच्या इतक्या जवळ जाणारे युरोपीय त्या काळात विरळाच होते. परंतु ही जवळीक सोंगाची होती आणि मिळालेली माहिती राज्यकर्त्यांच्या उपयोगी पडत होती. बर्टनच्या लेखनात कुतूहल आणि तुच्छता शेजारी शेजारी नांदतात, त्याचे स्पष्टीकरण येथे मिळते.

१८४७ मध्ये आजारपणाच्या रजेवर तो निलगिरीकडे निघाला आणि वाटेत गोव्यात थांबला. पणजी, जुने गोवे आणि शिरोडे पाहून त्याने जी निरीक्षणे नोंदवली, ती १८५१ मध्ये गोवा व निलगिरीवरील ग्रंथात प्रसिद्ध झाली. आमोणे, प्रियोळ, पैंगीण अशा कितीतरी गावी वेताळ ज्या भूमीत ग्रामदैवत म्हणून पूजला जातो, त्या भूमीतून हा भावी अनुवादक गेला होता. त्याचे लक्ष मात्र जुन्या गोव्याच्या पडक्या वैभवाकडे आणि शिरोड्याच्या नर्तिकांकडे अधिक होते. १८४९ मध्ये, प्रकृती पार ढासळल्यावर, त्याने हिंदुस्थान सोडला. त्याच सुमारास रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात त्याचे भाषाविषयक लेख प्रसिद्ध झाले होते.

प्रवासी आणि वकील

पुढील दोन दशकांचा वृत्तान्त सर्वपरिचित असल्याने येथे संक्षेपाने दिला आहे. १८५३ मध्ये मुस्लिम यात्रेकरूच्या वेषात तो मदिना व मक्का येथे जाऊन आला. १८५५ मध्ये सोमालियाच्या किनाऱ्यावरील बर्बेरा येथे तळावर हल्ला झाला, तेव्हा एका भाल्याने त्याचे दोन्ही गाल भेदले आणि चेहऱ्यावर जन्मभराचा व्रण राहिला. १८५८ मध्ये जॉन स्पीकसह तो टांगानिका सरोवरापर्यंत पोहोचला. नाईलच्या उगमाच्या प्रश्नावर या दोघांत कटू वाद झाला आणि १८६४ मध्ये दोघांची जाहीर चर्चा ठरलेली असताना, आदल्या दिवशी बंदुकीची गोळी लागून स्पीकचा मृत्यू झाला. १८६१ मध्ये बर्टनने इझाबेल अरुंडेलशी विवाह केला. त्याच वर्षी त्याने परराष्ट्र खात्यात नोकरी पत्करली आणि फर्नांडो पो, ब्राझीलमधील सांतोस, दमास्कस व अखेर ट्रिएस्ट येथे ब्रिटिश वकील म्हणून काम केले.

या नेमणुकांपैकी सांतोसची नेमणूक (१८६५-६९) आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते. हिंदुस्थान सोडून दीड तप उलटले होते. दक्षिण अमेरिकेतील त्या बंदरात हाती फारसे काम नव्हते. अशा वेळी त्याने तरुणपणी अभ्यासलेल्या भाषेतील कथा बाहेर काढल्या. विक्रम व वेताळ यांच्या कथा प्रथम लंडनच्या 'फ्रेझर्स मॅगझिन'मध्ये आल्या आणि १८७० मध्ये अर्नेस्ट ग्रिसेच्या चित्रांसह 'विक्रम अँड द व्हँपायर, ऑर टेल्स ऑफ हिंदू डेव्हिलरी' या नावाने ग्रंथरूप झाल्या.

ग्रंथाचे स्वरूप

मूळ कथाचक्राचा इतिहास येथे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये क्षेमेंद्राने 'बृहत्कथामंजरी'त आणि सोमदेवाने 'कथासरित्सागरा'त या कथा दिल्या. शिवदास आणि जंभलदत्त यांच्या नावावर तिच्या स्वतंत्र संस्कृत वाचना आहेत. पुढे व्रजभाषेतून ती हिंदीत आली आणि १८०५ मध्ये कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजसाठी लल्लूलाल व मजहर अली खान विला यांनी तिचा गद्यपाठ सिद्ध केला. हा पाठ इंग्रज अधिकाऱ्यांच्या भाषाशिक्षणात पाठ्यपुस्तक म्हणून रुळला. बर्टनच्या पुस्तकाचा पाया हाच हिंदी पाठ आहे.

परंतु त्याने केले ते भाषांतर नव्हे. पंचवीस कथांपैकी अकराच त्याने निवडल्या आणि त्याही मनसोक्त फुगवल्या. पात्रांच्या तोंडी त्याने व्हिक्टोरियन समाजावरील टोमणे, स्त्रियांविषयीची मते, पंडितांची थट्टा आणि आपल्या प्रवासांतील अनुभव घातले. मूळ कथेत दोन वाक्यांत उरकणारा प्रसंग त्याच्याकडे दोन पाने घेतो. वेताळाची वाचाळता ही तर त्याला मिळालेली पर्वणीच होती. झाडाला उलटे लटकून राजाची फजिती करणारा, सर्व शास्त्रे जाणणारा आणि कोणाचाही मुलाहिजा न ठेवणारा हा वक्ता म्हणजे बर्टनचे स्वतःचेच एक रूप आहे, असे वाचताना जाणवते. विद्यापीठातून काढलेला, बढतीत डावललेला, सभ्य समाजाने संशयाने पाहिलेला हा माणूस वेताळाच्या तोंडून बोलतो, तेव्हा त्याचे इंग्रजी गद्य विलक्षण जिवंत होते. ग्रंथाचे साहित्यमूल्य असेल तर ते येथे आहे, आणि ते मान्य केले पाहिजे.

वेताळाच्या वर्णनात बर्टनने पुष्कळ भर घातली. तपकिरी केस व चेहरा, न मिटणारे डोळे, बांबूच्या सांगाड्यासारखी बरगड्या दिसणारी काया, वटवाघळाप्रमाणे पायांच्या बोटांनी फांदीला लोंबकळणे, सापासारखा गार स्पर्श आणि बोकडासारखी छोटी शेपटी असे त्याचे ध्यान तो उभे करतो. या चित्रात भयापेक्षा विनोद अधिक आहे. विशेष म्हणजे, या वेताळाच्या अंगी रक्ताचा लवलेश दिसत नाही असे तो सांगतो, पण तो कोणाचे रक्त पितो असे चौकटकथेत कोठेही दाखवत नाही. मुखपृष्ठावर व्हँपायर आणि आत मात्र बोलका, उपहासप्रिय वेताळ, असा हा विसंवाद आहे.

प्रतिशब्दाची निवड

मग बर्टनने हा शब्द का निवडला? त्याच्यापुढे दुसरे पर्याय नव्हते असे नाही. १८३१ मध्ये बेंजामिन बॅबिंग्टनने या कथांच्या तमिळ पाठाचे इंग्रजी भाषांतर केले, तेव्हा शीर्षकात मूळ नावच ठेवले. १८५५ मध्ये बार्करने 'बैताल पचीसी'चे भाषांतर करताना डेमन, म्हणजे पिशाच्च वा दैत्य, या अर्थाचा व्यापक शब्द वापरला. बर्टननंतर 'कथासरित्सागरा'चे भाषांतर (१८८०-८४) करणाऱ्या टॉनीने वेताळ हाच शब्द प्रामुख्याने योजला, तर १९१७ मध्ये आर्थर रायडरने गॉब्लिन हा खोडकर भुताचा शब्द पसंत केला. अर्थात व्हँपायर ही निवड अपरिहार्य नव्हती.

तिचे कारण त्या काळच्या वाचकवर्गात शोधावे लागते. पूर्व युरोपातील, विशेषतः सर्बियातील, कबरीतून उठणाऱ्या मृतांच्या वार्ता १७३० नंतर पश्चिमेकडे पोहोचल्या आणि व्हँपायर हा शब्द इंग्रजीत रुजला. १८१९ मध्ये जॉन पोलिडोरीच्या कथेने त्याला उमरावी रूप दिले. १८४५-४७ या काळात 'व्हार्नी द व्हँपायर' ही स्वस्त हप्त्यांतील कादंबरी गल्लोगल्ली वाचली गेली. बर्टनच्या ग्रंथापाठोपाठ १८७१-७२ मध्ये शेरिडन ल फॅन्यूची 'कार्मिला' अवतरली. अशा वातावरणात शीर्षकातील तो एक शब्द पुस्तकाच्या खपाला उपकारक ठरणार, हे बर्टनला निश्चित कळत होते. उपशीर्षकातील हिंदू डेव्हिलरी, म्हणजे हिंदूंची भुताटकी, हा शब्दप्रयोगही याच हेतूचा निदर्शक आहे.

व्हँपायर आणि वेताळ यांत साम्य एकच आहे : दोघांचाही मृतदेहाशी संबंध आहे. भेद मात्र मूलगामी आहेत. व्हँपायर हा स्वतःच मेलेला माणूस असतो आणि जिवंतांच्या रक्तावर आपले अर्धमेले आयुष्य टिकवतो. वेताळ हा दुसऱ्याच्या प्रेतात वस्तीला येणारा, स्वतंत्र अस्तित्वाचा भूतगण आहे. व्हँपायरच्या चाव्याने बळी त्याच्यासारखाच होतो, म्हणजे तो एक संसर्ग आहे. वेताळ प्रश्न विचारतो, म्हणजे तो एक परीक्षक आहे. त्याला राजाकडून हवा असतो तो न्याय. तीन वरांपैकी कन्या कोणाची, शिर आणि धड यांची अदलाबदल झाली तर पती कोण, अशा पेचांतून तो राजाच्या विवेकाची कसोटी पाहतो. आणि कथेच्या शेवटी घडते ते सर्वांत महत्त्वाचे. योगी राजाचा बळी देणार आहे, हे राजाला वेताळच सांगतो. त्यातून सुटण्याची युक्तीही तोच देतो. तपस्व्याच्या वेषातील माणूस घातकी निघतो आणि स्मशानातील भूत तारक ठरते, हा या कथाचक्राचा गाभा आहे. या तारकाला रक्तपिपासूचे नाव देताच कथेचा नैतिक तोल ढळतो. बर्टनने कथानकात हा शेवट कायम ठेवला, हे खरे. परंतु पुस्तक न वाचता केवळ नाव ऐकणाऱ्यांची संख्या वाचकांपेक्षा नेहमीच मोठी असते.

मराठीतील वेताळ

बर्टन मुंबईत उतरला त्यापूर्वी बारा वर्षे, १८३० मध्ये, सदाशिव काशीनाथ तथा बापू छत्रे यांची मराठी 'वेताळ पंचविशी' प्रसिद्ध झाली होती. छत्रे हे मुंबईच्या शाळापुस्तक मंडळीचे देशी चिटणीस होते आणि १८२८ मध्ये त्यांची 'बाळमित्र' व 'इसापनीतिकथा' ही पुस्तके आली होती. अव्वल इंग्रजीतील मराठी गद्याचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते. इसापाच्या आणि बोधपर बालकथांच्या पंक्तीला त्यांनी वेताळाला बसवले, याचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. बंगालीत ईश्वरचंद्र विद्यासागरांनी १८४७ मध्ये याच कथा गद्यात आणल्या आणि त्या ग्रंथाला बंगाली गद्याच्या इतिहासात मानाचे स्थान आहे. हिंदी, मराठी आणि बंगाली या तिन्ही भाषांच्या आधुनिक गद्याने प्रारंभीची पावले टाकली ती वेताळाचा हात धरून, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

लोकपरंपरेतही वेताळाचे रूप संमिश्र आहे. तो भुतांचा राजा आहे, अमावास्येच्या रात्री त्याची स्वारी निघते अशी समजूत आहे आणि त्याचे भय आहे. पण तो राखणदारही आहे. पुण्याच्या वेताळ टेकडीपासून कोकण-गोव्यातील देवळांपर्यंत त्याची स्थाने पसरली आहेत. गावाच्या सीमेवर उभा राहून बाहेरची पीडा बाहेरच थोपवणारा हा देव आहे. पंचविशीतील परीक्षक आणि शिवेवरील राखणदार या दोन्ही भूमिकांत उंबरठ्यावर उभे राहणे हे समान सूत्र दिसते. मरण आणि जीवन, रान आणि गाव, अज्ञान आणि विवेक यांच्या सीमेवर तो असतो. बर्टनच्या शब्दात हा अर्थ मावत नाही.

ड्रॅक्युलाच्या उंबरठ्यावर

बर्टनच्या आयुष्यातील आणखी एक प्रसंग येथे नोंदवणे उचित होईल. १८७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस प्रख्यात नट हेन्री आयर्व्हिंग याच्यामुळे त्याची आणि ब्रॅम स्टोकरची ओळख झाली. आयर्व्हिंगच्या लिसियम नाट्यगृहाचा व्यवस्थापक असलेला स्टोकर त्या वेळी लेखक म्हणून प्रसिद्ध नव्हता. बर्टनच्या व्यक्तिमत्त्वाने तो भारावून गेला. १९०६ मध्ये लिहिलेल्या आयर्व्हिंगविषयीच्या आठवणींत त्याने बर्टनचा पोलादी चेहरा, गालावरील व्रण आणि बोलताना वरचा ओठ उचलला जाऊन चमकणारा सुळा यांचे वर्णन केले आहे. दरम्यान, १८९७ मध्ये त्याची 'ड्रॅक्युला' ही कादंबरी प्रसिद्ध झाली होती.

या साम्यावरून ड्रॅक्युलाचा उगम बर्टनमध्ये किंवा वेताळात शोधणे धाडसाचे ठरेल. स्टोकरने ट्रान्सिल्व्हानिया व वालाचियाविषयीच्या ग्रंथांचा स्वतंत्र अभ्यास केला होता. येथे निष्कर्ष काढायचा तो मर्यादितच आहे. ड्रॅक्युलाच्या अफाट लोकप्रियतेमुळे व्हँपायर या शब्दाचा अर्थ कायमचा बांधला गेला. १८७० मध्ये ज्या शब्दाला थोडी लवचीकता होती, तो १८९७ नंतर सुळे, रक्त आणि शवपेटी यांना जखडला गेला. परिणामी बर्टनचे शीर्षक मागाहून अधिकच चुकीचे झाले आणि त्याची छाया वेताळावर पडली. मोनिअर-विल्यम्सच्या संस्कृत-इंग्रजी कोशातही वेताळाच्या अर्थांत व्हँपायर हा शब्द आढळतो. त्यामुळे समीकरणाला विद्वत्तेचे पाठबळ लाभले.

अखेरची वर्षे

१८७२ पासून मृत्यूपर्यंत बर्टन ट्रिएस्ट येथे होता. १८७६ मध्ये पत्नीसह तो पुन्हा मुंबईला येऊन गेला आणि जुन्या जागा पाहून त्याने सिंधवर नवे पुस्तक लिहिले. १८८० मध्ये पोर्तुगीज कवी कामोंइश याच्या महाकाव्याचे त्याने केलेले भाषांतर आले. गोव्यात वनवास भोगलेल्या या कवीविषयी त्याला आयुष्यभर आत्मीयता वाटत आली होती. १८८३ मध्ये मुंबईच्या मुलकी सेवेतील निवृत्त अधिकारी फॉस्टर फिट्झजेराल्ड आर्बथनॉट याच्या साहाय्याने वात्स्यायनाच्या 'कामसूत्रा'चे इंग्रजी भाषांतर खाजगी रीतीने छापण्यात आले. त्यामागील संस्कृत पाठशोधनात पंडित भगवानलाल इंद्रजी यांचा मोठा वाटा होता. याच भगवानलालांचे नाशिकच्या पांडवलेण्यांविषयीचे लेखन त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये समाविष्ट आहे. एकीकडे ग्रंथावर नाव नसलेला पंडित आणि दुसरीकडे जगभर गाजलेला अनुवादक, हे चित्र एकोणिसाव्या शतकातील ज्ञानव्यवहाराचे प्रातिनिधिक चित्र मानावे लागते.

१८८५ पासून 'अरेबियन नाइट्स'चे दहा खंड आणि नंतर पुरवणी खंड निघाले. एक हजार प्रती वर्गणीदारांसाठी छापल्या गेल्या आणि बर्टनला आयुष्यात प्रथमच भरघोस द्रव्यप्राप्ती झाली. कथेत कथा गुंफण्याच्या पौर्वात्य पद्धतीविषयी त्याने 'विक्रम अँड द व्हँपायर'च्या प्रस्तावनेत जो विचार मांडला होता, त्याचीच ही परिणती होती. १८८६ मध्ये त्याला सर ही पदवी मिळाली. २० ऑक्टोबर १८९० रोजी ट्रिएस्ट येथे त्याचे निधन झाले. त्यानंतर इझाबेलने त्याच्या एका मोठ्या अरबी भाषांतराचे हस्तलिखित जाळून टाकले. लंडनजवळील मॉर्टलेक येथे अरबी तंबूच्या आकाराची त्याची दगडी समाधी आहे. 'विक्रम अँड द व्हँपायर'ची स्मृती-आवृत्ती १८९३ मध्ये इझाबेलच्याच देखरेखीखाली निघाली.

समारोप

बर्टनच्या चरित्राचा विचार करताना दोन टोकांची मते टाळली पाहिजेत. तो केवळ साम्राज्याचा हस्तक होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या काळात बहुतेक इंग्रज अधिकारी देशी भाषा हुकूम देण्यापुरत्या शिकत, त्या काळात त्याने त्या भाषांतील गोष्टींवर प्रेम केले आणि वेताळाला जगाच्या वाचनात नेले. त्याचबरोबर, नेताना त्याने त्याचे नाव बदलले, ही गोष्टही दृष्टीआड करता येत नाही. नाव बदलले की भूमिका बदलते, आणि भूमिका बदललेले पात्र घरी परत येते तेव्हा घरच्यांनाही ते ओळखू येत नाही. मराठीची परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेल्या माणसाला मराठी मुलुखातील वेताळ दिसला नाही, याचे कारण भाषेचे अज्ञान नव्हते. भाषा त्याने शिकली, पण ती बोलणाऱ्यांच्या श्रद्धेला त्याने ज्ञानाचा दर्जा दिला नाही.

त्याच वर्षी निफाडला जन्मलेल्या रानड्यांनी १८९८ मध्ये मराठी वाङ्मयाच्या वाढीचा आढावा घेतला. ज्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात तरुण बर्टन लिहीत असे, तेथेच तो प्रसिद्ध झाला. भाषांतरित ग्रंथांसह या भाषेची पुंजी किती, याचा हिशेब त्यांनी आतून मांडला. बर्टनने बाहेरून येऊन त्या पुंजीतील एक नाणे उचलले आणि त्यावर आपला छाप उमटवला. दोन्ही कामे इतिहासाचा भाग आहेत. परंतु नाण्याचे मूळ मोल ठरवण्याची जबाबदारी पुंजीच्या वारसांची आहे.

मराठी वाचकाने आपल्या परीने हे मोल जपलेही आहे. 'चांदोबा' मासिकाने पिढ्यान्‌पिढ्या विक्रमाच्या पाठीवरचा वेताळ मुलांना भेटवला. १९८५ मध्ये दूरदर्शनवरील मालिकेने त्याला घरोघर नेले. इंद्रजाल कॉमिक्सच्या मराठी आवृत्तीत अमेरिकन चित्रकथेतील फँटम या जंगलाच्या रक्षकाला वेताळ हे नाव मिळाले. त्या अनामिक भाषांतरकाराला वेताळ म्हणजे राखणदार हे बर्टनपेक्षा चांगले कळले होते, असे म्हणावेसे वाटते. रक्तपिपासू पात्राला मराठी भयकथेत मज्जाव आहे असे नाही. नारायण धारपांनी (१९२५-२००८) 'लुचाई'सारख्या कादंबरीतून पाश्चात्त्य धर्तीचे ते भय मराठीत समर्थपणे आणले आहे. त्या परंपरेचा अभ्यास तिच्या स्वतःच्या नावाने व्हावा, एवढेच सुचवायचे आहे.

अनुवादविद्येच्या तासाला प्रस्तुत लेखक आता फळ्यावर वेताळासमोर व्हँपायर लिहीत नाही. वेताळ हा शब्द तसाच ठेवतो आणि पुढे बर्टनची हकीकत सांगतो. त्या विद्यार्थिनीला तिच्या प्रश्नाचे उत्तर वेळेवर देता आले नाही, ही रुखरुख मात्र राहिली आहे. तिच्या आजीच्या नारळात जे ज्ञान होते, ते आमच्या कोशात नव्हते.